भीती वाटते म्हणून नको, की आवडत नाही म्हणून नको? ओळखायचं कसं?

शेवटचा_बाक

बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

भौतिकशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष आहे. वर्गात मी मधल्या फळीतली. शाळेत पहिल्या दोन-तीन नंबरांत असायचे. इथे येऊन बघते तर सगळेच आपापल्या शाळेचे पहिले-दुसरे. गुण वाईट नाहीत, पण "वर्गात हुशार कोण?" असं विचारलं तर माझं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही.

अपवाद फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबचा. तिथे कुणाचं सर्किट अडलं की "हिला बोलवा". मागच्या आठवड्यात एका मुलाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून नुसता घूंऽऽ असा आवाज येत होता. त्याने आयसी बदलली, कपॅसिटर बदलले, शेवटी स्पीकरही बदलला. मी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवला (वाट अखंड असली की तो बीप करतो) आणि ग्राउंडची पट्टी एका टोकापासून तपासत गेले. मध्यावर बीप बंद. ज्यावर सोल्डर न करता सर्किट टोचून जोडतात त्या मोठ्या ब्रेडबोर्डांच्या कडेच्या पट्ट्या बरेचदा मध्ये तुटक असतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याचं अर्धं सर्किट ग्राउंडशिवाय होतं. एक छोटी तार टोचली, आवाज गेला. अशा वेळी मला घड्याळाचं भान राहत नाही.

आता मुद्द्यावर येते. पुढे तीन वाटा दिसताहेत. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मापन-उपकरणांच्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण, त्याला प्रकल्पाचं सादरीकरण आणि मुलाखत आहे. डेटा अ‍ॅनालिसिस, अर्धा वर्ग तिकडेच चाललाय. आणि शिक्षकी पेशा, हे घरच्यांचं म्हणणं. कारण काय, तर "तुझ्या स्वभावाला बरं".

इन्स्ट्रुमेंटेशनचा अर्ज मी उघडला होता. त्यात लिहिलं होतं, "सिग्नल प्रोसेसिंग व एम्बेडेड प्रोग्रॅमिंगची ओळख अपेक्षित". म्हणजे सिग्नलमधून माहिती काढणं आणि उपकरणाच्या आतल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणं. टॅब बंद केला. आणि गंमत बघा, त्यानंतर कुणी विचारलं की मी सांगायला लागले, "इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये मला तसा रस नाही." हे इतक्या वेळा सांगून झालंय की आता मलाच ते खरं वाटायला लागलंय.

माझा एक मित्र आहे. ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं उपकरण) ट्रिगर लावायला, म्हणजे लहर स्थिर करायला, त्याला अजून मदत लागते. त्याने त्याच अर्जात त्याच ओळीपुढे "प्रावीण्य" लिहिलं आणि मोकळा झाला.

तर एखादं क्षेत्र नको वाटतं ते भीतीमुळे, की ते खरोखरच आपलं नाही म्हणून, हे ओळखायचं कसं? "स्वतःवर विश्वास ठेव" हे सोडून काहीही सांगा.

हसतमुख

तू नको म्हणालीस तरी सांगते. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मोठ्याने म्हणायचं, "मी हुशार आहे, मला जमणार आहे." सुरुवातीला हसू येतं, पण फरक पडतो. मला पडला. ऑल द बेस्ट!

उलटतपासणी

हसतमुख, तुम्हाला पडला असेल, वाद नाही. पण ज्याला मुळातच स्वतःबद्दल शंका आहे त्याच्यावर हा उपाय उलटूही शकतो. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच करून पाहिलं होतं. स्वतःबद्दल बरं मत असलेल्यांना असली वाक्यं म्हणून किंचित बरं वाटलं, वाईट मत असलेल्यांना आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे. तोंड म्हणतं "मी हुशार आहे" आणि डोकं लगेच मागच्या परीक्षेची गुणपत्रिका पुढे करतं.

2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि मंडळींनी स्वप्रतिमेवरच्या ढीगभर संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यांचा निष्कर्ष असा होता की स्वतःबद्दल छान वाटल्याने अभ्यासात चांगली कामगिरी होते याला फारसा आधार सापडत नाही. कामगिरी चांगली झाल्यावर स्वतःबद्दल छान वाटतं, हा उलटा प्रवास जास्त पटण्याजोगा आहे.

शेवटचा_बाक, तुला माझा साधा प्रश्न. सिग्नल प्रोसेसिंग येत नाही म्हणतेस, ते करून पाहिलंस का कधी? की नुसतं नाव वाचूनच घाबरलीस?

दुपारची_पाळी

मी मापन-उपकरणांच्या दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनच्या (मापं अचूक आहेत का ते तपासायच्या) कामात आहे. नवी मुलं घ्यायची असली की मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसतो. प्रवेशाची मुलाखत आणि नोकरीची मुलाखत एक नव्हे, मान्य. पण टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

"अपेक्षित" हे जाहिरात लिहिणाऱ्याचं स्वप्न असतं. सगळं येणारा उमेदवार आम्हाला अजून भेटायचाय, आणि भेटला तर तो आमच्याकडे टिकणार नाही. "ओळख" लिहिलं असेल तर ओळखच हवी असते.

मी काय करतो? ऑसिलोस्कोपला दहापट क्षीणनाचा प्रोब, म्हणजे सिग्नल दहापट लहान करून स्कोपला देणारी तार, लावून ठेवतो आणि त्याचा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा स्क्रू, मुद्दाम बिघडवून ठेवतो. मग स्कोपच्याच कॅलिब्रेशन आउटपुटची चौकोनी लहर दाखवतो. पडद्यावर चौकोनाचे कोपरे गोलावलेले दिसतात, कधी टोकं वर उसळलेली दिसतात. विचारतो, "काय झालंय?" ज्याला प्रोबचं कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्या स्क्रूने करायची जुळवणी, माहीत आहे तो स्क्रू-ड्रायव्हर मागतो आणि कोपरे काटकोनात आणून देतो. छान. पण माझं लक्ष माहीत नसलेल्यांकडे जास्त असतं. काही जण लगेच पाठ केलेलं बोलायला लागतात, बँडविड्थ, नॉइज, इम्पीडन्स, जे आठवेल ते. आणि एखादीच म्हणते, "हे मी पाहिलेलं नाही. पण लहरच वाकडी आहे की दाखवणारा वाकडा, हे आधी ठरवायला हवं. दुसरा प्रोब मिळेल का?" हिला मी घेतो. कॉम्पेन्सेशन मी अर्ध्या तासात शिकवीन. "दुसरा प्रोब मिळेल का" हे शिकवायला मला कित्येक महिने लागतात, आणि काहींना ते कधीच येत नाही.

आता तू सांगितलेला ब्रेडबोर्डचा प्रकार. त्या मुलाने भाग बदलले, तू आधी वाट तपासलीस. ही सवय आहे, नशीब नव्हे. तुझ्या प्रोफेसरांना ती दिसत नसेल, कारण परीक्षेत तिच्यासाठी रकाना नसतो.

तुझ्या "प्रावीण्य"वाल्या मित्राची काळजी करू नकोस. दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

खिडकीजवळची_खुर्ची

मी विद्यार्थी-समुपदेशनाचं काम करते. शेवटचा_बाक, तुझ्याच पोस्टमधला क्रम एकदा बघ. आधी टॅब बंद झाला, रस नंतर गेला. न आवडणाऱ्या गोष्टीत बहुधा उलटं होतं. आधी कंटाळा येतो, मग माणूस सोडतो.

1994 मध्ये रॉबर्ट लेंट, स्टीव्हन ब्राउन आणि गेल हॅकेट यांनी करिअर-निवडीचा एक सिद्धांत मांडला, त्यात हे नीट उलगडलंय. रस हवेतून येत नाही. "हे मला जमेल" आणि "जमलं तर त्यातून काही चांगलं निघेल" या दोन अंदाजांवर तो पोसला जातो. पहिल्या अंदाजाला तडा गेला की रस आटतो, आणि माणसाची समजूत होते की तो आपल्याला पहिल्यापासून नव्हताच.

त्यामागे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचं 1977 सालचं काम आहे. त्यांच्या मते हा भरवसा म्हणजे माणसाचा सरसकट गुण नव्हे. कामागणिक तो वेगळा असतो. दोष शोधायला बसलीस की तुला शंकासुद्धा शिवत नाही, आणि मुलाखत म्हटलं की टॅब बंद. मग "माझ्यात आत्मविश्वास नाही" या एवढ्या ढोबळ वाक्यावर इलाज कसा करायचा? कुठल्या कामाबद्दल नाही, ते लिही. बांडुरांनी या भरवशाचे चार झरे सांगितले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळी शरीर देत असलेले इशारे, म्हणजे धडधड, घाम वगैरे. पहिला सगळ्यांत दमदार. आपण मात्र सगळा भर तिसऱ्यावर देतो. पाठीवर थाप मारायला कष्ट पडत नाहीत ना!

"सगळेच आपापल्या शाळेचे पहिले-दुसरे" यावरही बोलायला हवं. हर्बर्ट मार्श यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली, तर तगड्या गटात बसलेलं मूल स्वतःला कमी लेखतं. तुझं मोजमाप बदललंय. तू तीच आहेस.

आणि "तुझ्या स्वभावाला बरं" हे वाक्य मी मुलींच्याच बाबतीत जास्त ऐकते. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी 1981 मध्ये कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं होतं, अमुक व्यवसाय तुम्हाला जमेल का? मुलांना पुरुषी समजले जाणारे आणि बायकी समजले जाणारे व्यवसाय साधारण सारखेच जमण्याजोगे वाटले. मुलींना पहिल्या प्रकारात स्वतःबद्दल खात्री कमी होती, आणि क्षमता-चाचणीच्या गुणांत तर दोघांत तसा फरक नव्हता. घरचे तुझ्या भल्याचंच बोलताहेत, पण ते बोलणं कुठून येतं हेही बघ. शिकवणं ज्यांना मनापासून आवडतं त्यांनी जरूर शिकवावं. लपायला मात्र ती जागा फार वाईट; रोज चाळीस डोळे तुमच्याकडे बघत असतात.

ओळखायचं कसं, हा तुझा खरा प्रश्न. मी मुलांना आधी विचारते, प्रवेश नक्की आणि कुणी हसणार नाही असं लेखी मिळालं तर निवडशील का? पुष्कळांचा चेहराच उत्तर देऊन टाकतो. पण एवढ्यावर थांबू नये, कारण यश फुकट मिळणार असेल तर सगळ्यांनाच सगळं हवं असतं. म्हणून पुढे विचारते की त्या क्षेत्रातलं सगळ्यांत रटाळ काम कोणतं, आणि ते करायला तुझी ना आहे का? दुपारची_पाळी, तुमच्याकडचं रटाळ काम कोणतं हो?

दुपारची_पाळी

तेच रीडिंग पुन्हा पुन्हा घेणं. तापमान लिहिणं, आर्द्रता लिहिणं, अनिश्चिततेचा हिशोब मांडणं, प्रमाणपत्रावर सही. पुन्हा पुढचं उपकरण. दुरुस्ती हा सणासुदीचा भाग झाला, एरवी हेच.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. हसतमुख, तुम्ही मनापासून सांगितलंत, तुमचेही.

उलटतपासणी यांचा प्रश्न झोंबला. करून पाहिलं नव्हतं. मग त्या घूंऽऽ आवाजाचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं (त्याला चिडवायला केलं होतं), ते पायथनमध्ये घेतलं आणि त्याचा स्पेक्ट्रम काढला, म्हणजे त्यात कोणती वारंवारता किती आहे त्याचा आलेख. मेन्सच्या (घरात येणाऱ्या विजेच्या) वारंवारतेवर टोक येईल असा अंदाज होता. आलं, पण टोक कसलं, पसरट टेकाड! आधी वाटलं आज्ञावलीच चुकली. मग कळलं की मी रेकॉर्डिंगचा सेकंदाचा दहावा भागच घेतला होता, आणि तेवढ्याशा तुकड्यात दहा हर्ट्झपेक्षा बारीक फरक दिसूच शकत नाही. पाच सेकंद घेतले आणि टेकाडाची सुई झाली. तिच्या पटीतल्या वारंवारतांवरही सुया उभ्या. मग बसलेच त्यांच्या मागे. वरच्या पटींतल्या सुया इतक्या उंच का, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही.

रटाळ कामाचं वाचून मला दडपण आलं नाही. लॅबच्या वहीत तापमान लिहिणारी वर्गात मी एकटीच आहे, त्यावरून हसतात मला.

डेटा अ‍ॅनालिसिसचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी पूर्ण केलाय. जमतो. प्रमाणपत्रही आहे. पण तो संपला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तरी मुलाखतीचं काय? माझा आवाज कापतो. खरोखर कापतो, समोरच्याला ऐकू येईल इतका.

उलटतपासणी

स्पेक्ट्रमचं वाचून बरं वाटलं. पण सगळे एका सुरात गायला लागले की मला खाज सुटते, म्हणून उलट बाजू मांडतो.

दर वेळी भीती खोटी नसते. कधी कधी ती बरोबर माहिती देते. समज, तू आठवडाभर सिग्नल प्रोसेसिंग करून पाहिलं असतंस आणि रोज जांभया आल्या असत्या, तर "हा आत्मविश्वासाचा प्रश्न आहे, नेट लाव" असं सांगणारे तुझं नुकसानच करत होते. नको असलेल्या वाटेवर मुलांना ढकलताना मोठी माणसं हेच वाक्य वापरतात.

दुसरं म्हणजे सगळी गाठ मनातच असते असंही नाही. फी, घरची जबाबदारी, गावाबाहेर राहायची सोय, पुढे नोकऱ्या किती, हे मनोबलाने सुटणारे प्रश्न नव्हेत. खुर्चीताईंनी ज्या सिद्धांताचा उल्लेख केला, त्यातही परिस्थितीचे आधार आणि अडथळे धरलेले आहेत, ते त्या सांगायच्या राहिल्या. शेवटचा_बाक, अर्ज भरण्याआधी या गोष्टींचा हिशोब कागदावर मांड. आकड्यांत. तिथे वाट अडली तर ती भीतीने अडलेली नाही, आणि त्याबद्दल स्वतःला भित्री म्हणायचं कारण नाही.

खिडकीजवळची_खुर्ची

मान्य, आणि बरं झालं लिहिलंत. टेलर आणि बेट्झ यांची 1983 सालची एक प्रश्नावली आहे, करिअरचा निर्णय घेण्याबाबत माणसाला किती खात्री आहे ते मोजणारी. तिच्यात पाच बाजू पाहतात: स्वतःला जोखणं, व्यवसायांची माहिती काढणं, ध्येय ठरवणं, आखणी करणं आणि अडचण आली तर मार्ग काढणं. या मुलीची पहिली बाजू आता चांगली दिसतेय. दुसरी लंगडी आहे. तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीशी बोललीस का गं? शिक्षकांशी किंवा माहितीपत्रकाशी नव्हे, जी सध्या तिथे शिकतेय तिच्याशी. बांडुरांचा दुसरा झराही त्यात आपोआप येतो.

आवाजाबद्दल सांगते. धडधड दाबून "शांत हो" म्हणत बसू नकोस. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणारे सरस बोलले. शरीर दोन्हीकडे तेच करत असतं, धडधडतच असतं. हा आरशाचा उपाय नव्हे हं, उलटतपासणी! इथे स्वतःच्या लायकीबद्दल काही पटवायचं नसतं.

उलटतपासणी

चालेल. एवढं सोडतो.

दुपारची_पाळी

आवाज कापणारे पुष्कळ येतात. हातात काही काम दिलं की बहुतेकांचा कापायचा थांबतो, कारण लक्ष कामाकडे जातं. म्हणून सादरीकरणाला वस्तू घेऊन जा, नुसत्या स्लाइड नेऊ नकोस. बोर्ड, मीटर, वही. सर्किट फळ्यावर हाताने काढ आणि काढता काढता बोल. पाठ फिरवून बोललं तरी चालतं पहिली दोन मिनिटं, कुणी काही म्हणत नाही.

शेवटचा_बाक

एका मुलीचा नंबर मिळाला, ती तिथे पहिल्या वर्षाला आहे. तिला विचारलं, "एम्बेडेड किती येत होतं तुला प्रवेशाच्या वेळी?" ती म्हणाली, "एलईडी लुकलुकवता येत होता." फीचा हिशोब उलटतपासणी यांनी सांगितल्याप्रमाणे घरी मांडला. ताणून बसतोय, शिष्यवृत्ती मिळाली तर नीट बसेल. बाबा अजून "शिकवण्याचं बघ" म्हणताहेत, पण आकड्यांचा कागद ठेवून घेतलाय त्यांनी.

अर्ज पुन्हा उघडलाय. त्या "ओळख अपेक्षित" ओळीपुढे काय लिहू? "प्रावीण्य" लिहिणार नाही. "नाही" लिहायचंही जिवावर येतंय.

दुपारची_पाळी

केलंयस तेच लिही. "अ‍ॅम्प्लिफायरमधील मेन्स-हमचे ध्वनिमुद्रण करून पायथनमध्ये वारंवारता-विश्लेषण केले, ध्वनिमुद्रणाच्या कालावधीचा वारंवारता-विभेदनावर होणारा परिणाम तपासला." एम्बेडेडपुढे "सध्या शिकत आहे", आणि आजच शिकायला बस म्हणजे खोटं ठरणार नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न याच ओळीवर येईल आणि तो तुला हवाच आहे. वरच्या सुयांचं कोडं सुटलं नसेल तर "सुटलेलं नाही, आत्तापर्यंत हे हे तपासलं" असं सांग.

आणि स्पेक्ट्रमचं चित्र जोडणार असशील तर दोन्ही अक्षांवर नावं आणि एककं घाल. आमच्याकडचे एक साहेब एककं नसलेला आलेख पालथा ठेवतात आणि पुढचा अर्ज उचलतात.